तह झाल्यावर एक महिना

मनामाच्या एका गल्लीत गुंडू मेस्त्रीचं फ्रेमचं दुकान आहे. माणूस कुडाळकडचा, तीस वर्षं बहारीनमध्ये काच कापतोय. मार्चमध्ये बुसैतीनहून हुदा नावाची शिक्षिका आली. वारलेल्या वडिलांनी जमवलेल्या नऊ जुन्या जर्मन नोटा तिला फ्रेम करून हव्या होत्या.

"पहिल्या महायुद्धात नाणी मिळेनाशी झाली," ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "धातू तोफांना गेला. मग गावागावांनी आपापल्या नोटा छापल्या."

एका नोटेवर हाडं निघालेली एक बाई शेतात सलगम उपटत होती. खालच्या ओळीचा, वडिलांनी सांगितलेला अर्थ हुदाने सांगितला: तह झाल्यावर एक महिन्याने ही नोट रद्द.

"आणि तह झालाच नाही तर?" गुंडूने विचारलं. हुदा हसली. तो हसला नाही.

त्याचा थोरला भाऊ स्वरूप कुवेतमध्ये वेल्डर होता. नव्वद साली इराकी फौज शिरली, तेव्हा गावचे बाकीचे जॉर्डनमार्गे परतले. त्यातल्या एकाने स्वरूपचं पाकीट घरी आणून दिलं: दहा-दहा दिनारच्या दोन नोटा. "स्वरूप मागच्या बसने येतोय," तो म्हणाला. ती बस कोणी पाहिली नाही. युद्ध संपलं, कुवेतने जुन्या नोटा रद्द केल्या. बदलून घ्यायची मुदत स्वरूपच्या बायकोने, रत्नाबाईने, जाऊ दिली. गुंडू बहारीनला निघाला तेव्हा तिने त्या त्याच्या हातात ठेवल्या. तिथून कुवेत जवळ, चौकशी होईल म्हणून. ती चौकशी काही हाती न लागता संपूनही आता वर्षं लोटली होती.

त्या दुपारी त्याने गावी फोन लावला. "वहिनी, दादाच्या नोटा फ्रेम करून पाठवू?"

पलीकडे रत्नाबाईने पंखा बंद केला. मग ती म्हणाली, "फ्रेम गेलेल्या माणसाची करतत, भावजी. ते गेले म्हणान माका कोणी सांगला?"

हुदाचं काम त्याने चार दिवसांत उरकलं. शेवटच्या दुपारी शटर अर्धं ओढून तो काच पुसत होता. काचेत त्याच्या खांद्यामागे कोणीतरी उभं दिसलं. ठिणग्यांनी भोकं पडलेला शर्ट. तो वळला. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, बाकी कोणी नाही.

फ्रेम न्यायला आलेली हुदा दारातच थबकली. "आत कोणी आहे का?"

"भाऊ," गुंडू म्हणाला, आणि पावती फाडायला लागला.

तेव्हापासून स्वरूप रोज दुपारी येतो. बोलत नाही. पहिले काही दिवस गुंडू काम सोडून गल्लीत जाऊन उभा राहायचा. आता तो त्याच्यासाठी स्टूल ओढून ठेवतो. वहिनीला मात्र त्याने हे कळवलेलं नाही. कळलं तर ती पहिलं हेच विचारेल, "ते जेवले काय?"