अण्णांच्या खेळातलं घड्याळ

आमच्या कारखान्याचे स्टोअरकीपर अण्णा निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना प्रोग्रामिंग शिकले, ते पत्नीसाठी, आमच्या वहिनींसाठी. अर्धांगवायूनंतर वहिनींचा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द ओठांवर येऊन अडायचे. बोटांना आणि शब्दांना रोज काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून अण्णांनी एक साधा खेळ लिहिला. पडद्यावर वस्तूचं चित्र येई, तीस सेकंदांत तिचं नाव टाइप करायचं आणि मोठ्याने म्हणायचं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कात्रीचं चित्र होतं. वहिनी डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं शोधत होत्या. चार मिनिटं सहज गेली.

"कात्री!" त्या म्हणाल्या. "जिंकले, भावजी!"

"रोज हीच जिंकते. माझं या घरात काही चालत नाही," अण्णा हसले.

माझा जन्म हिशेब तपासण्यात गेलेला. "पण अण्णा, कोपऱ्यातलं घड्याळ अजून तीसवरच आहे," मी बोलून गेलो.

प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसला की घड्याळही थांबे. अण्णांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. एक खिळा कमी भरला तरी बेचैन होणारा माणूस तो. पंधरा दिवस खपून त्यांनी घड्याळ वेगळं केलं. आता टाइप करणं चालू असतानाही मागे सेकंद पळत राहत. त्यांनी ते मला कौतुकाने दाखवलं. मी पाठ थोपटली.

त्यानंतर वहिनी एकदाही जिंकल्या नाहीत. पहिलं अक्षर सापडेपर्यंत 'वेळ संपली' उमटायचं. चौथ्या दिवशी अण्णांनी घड्याळच काढून टाकलं. तो रिकामा कोपरा पाहून वहिनींनी विचारलं, "माझ्यासाठी?" आणि कीबोर्ड दूर सारला.

महिन्याभराने गेलो, तर अण्णाच खेळत होते, डाव्या हाताच्या एका बोटाने. घड्याळ परत लावलेलं. पडद्यावर कंगवा होता. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या.

"बघ, मलासुद्धा जमत नाही. काय गं हे? सांग की."

सात. सहा. पाच.

"अगं, रोज हातात असतो तुझ्या."

वेळ संपली.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.

मी आणखी तासभर बसलो होतो. दुसरा शब्द काही त्यांच्या तोंडून ऐकला नाही.