बाळासोंची अर्धी गोष्ट

बाळासोंचं आडनाव गंगाधररावांना माहीत नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती वर्षभरानं, सांगलीत परदेशी चित्रपट महोत्सव पुन्हा भरला तेव्हा. पास द्यायला बसलेल्या मुलीला त्यांनी धीर करून विचारलं, "मागच्या वर्षी विट्याचे एक गृहस्थ यायचे, बाळासो म्हणून. त्यांनी यंदा पास काढलाय का?"

मुलीनं यादीवर बोट ठेवलं. "आडनाव काय, काका?"

गंगाधररावांनी वळून पाहिलं. मागं रांग खोळंबली होती. "राहू दे," म्हणून ते बाजूला सरले.

चार दिवस माणूस शेजारच्या खुर्चीत बसला, त्याच्या कानाशी तोंड नेऊन आपण तासन्‌तास बोललो, आणि साधं आडनाव विचारलं नाही! काय माहीत होतं आपल्याला, याचा ते घरी येईपर्यंत हिशेब घालत राहिले. विट्याचे. धंदा गलाईचा, म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं. उमेदीची सगळी वर्षं पार तिकडं बंगालच्या टोकाला, कूचबिहारला काढलेली. तेजाबानं उजव्या हाताची दोन नखं पिवळी पडलेली. सांगलीत लेकीकडं, राजेश्वरीकडं, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले. चहाला साखर जास्त. संपलं. एवढ्यावर त्या माणसाविषयी चार ओळी लिहायला बसणं म्हणजे धाडसच. पण त्यांच्या गोष्टीचं काय झालं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगायचं.

गंगाधरराव स्वतः पाटबंधारे खात्यात इंग्रजी टायपिस्ट होते. पस्तीस वर्षं साहेबांची इंग्रजी वाक्यं त्यांनी बिनचूक टाइप केली, स्वतःचं एकही कधी बोलले नाहीत. मराठीतही त्यांचं बोलणं बेताचंच. महोत्सवाला ते जायचे ते याचसाठी, की अंधारात कुणी बोलायला येत नाही.

पहिल्याच दिवशी शेजारी काळा चष्मा लावलेले, पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ येऊन बसले. पडद्यावर कुठल्याशा थंड देशातली दोन माणसं भांडत होती, खाली इंग्रजी ओळी उमटत होत्या.

"सायेब," गृहस्थ कुजबुजले, "खाली काय लिवलंय?"

"म्हणतोय, घर विकायचं नाही."

"आनि ती?"

"ती म्हणते, मग छप्पर तरी दुरुस्त कर."

"बराबर हाय तिचं."

असं दहा मिनिटं चाललं. मग पुढच्या रांगेतल्या बाई वळून म्हणाल्या, "काका, आम्हाला वाचता येतं हो!" गंगाधरराव खुर्चीत खाली सरकले. बाळासो मात्र उठले, त्यांच्या दंडाला धरून त्यांना शेवटच्या रांगेत कोपऱ्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "हितं बोला आता मोकळं."

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला, उमाबाईंना, खरं वाटेना. "तुम्ही? दोन तास बोललात? आणि मी भाजी कुठली करू विचारलं तर तुमच्या तोंडून अक्षर फुटत नाही!"

"भाजीला खाली इंग्रजी नसतं," गंगाधरराव म्हणाले, आणि आपण विनोद केला हे कळून स्वतःच दचकले.

त्याच दिवशी मध्यंतरात बाळासोंनी घडी केलेलं वेळापत्रक पुढं धरलं होतं. "ह्यात बंगाली पिच्चर कवा हाय तेवढं बघून सांगा."

बांगलादेशचा एक चित्रपट होता, चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी बाराला. जुन्या परीकथेवरचा, असं खाली लिहिलं होतं.

"मग तुम्ही आजपासूनच कसे?"

"वेळ कुनाला इचारायची? इंग्रजी न्हाई येत म्हनायला लाज वाटती. म्हनलं, चारी दिवस बसू, कवातरी लागंलच की." त्यांनी बाहेरच्या फलकाकडं मान वळवली. तिथं बंगाली अक्षरांखाली चित्र होतं: झोपलेली एक प्रचंड म्हातारी, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी एक पोरगी. "फिराय निगालो व्हतो. त्ये चित्र बघितलं आनि पायच हालंना."

का, ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं. गंगाधररावांनी विचारलं नव्हतं. विचारायचं फार मनात होतं, एवढंच.

बाळासो बाविसाव्या वर्षी कूचबिहारला गेले. घरमालकाची आई रोज संध्याकाळी अंगणात नातीला गोष्ट सांगायची, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडं हे सोनं वितळवायची मूस तापवत ऐकत बसायचे. सगळे तिला ठाकुमा म्हणायचे, म्हणजे आजी. बंगाली हे त्या आजीकडनंच शिकले.

"एका नावाड्याची लेक व्हती," बाळासो सांगू लागले. "नदीकाठाला एक राक्षशीन कन्हत पडल्याली. बारा वर्सं तिला झोप न्हाई. पोरगीला म्हनली, एका रातीची तुजी झोप उसनी दे. पोरगीनं दिली. आपन शेजारी इरजान देतो तशी. राक्षशीन झोपली ती उठंचना! आनि हिकडं पोरगीचा डोळाच मिटंना. सा म्हैनं. शेवटी निगाली झोप परत आनाय. गुहेत गेली. आता उठवावी, तर सा म्हैन्याची उपाशी राक्षशीन सगळं गाव खानार. न उठवावी, तर हिला जल्मभर जागायचं. पोरगीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला..."

"मग?"

"मग आजी म्हनली, ऱ्हायल्यालं उद्या."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली. वडील गेलं. दोन म्हैन्यांनी परत गेलो, तवर आजी सीमेपलीकडं, बांगलादेशात लेकीकडं गेली, ती तिकडंच ऱ्हायली." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पंचेचाळीस वर्सं झाली, सायेब. लय जनांस्नी इचारलं. एक म्हनला, उठवली आनि गाव खाल्लं. एक म्हनला, राजपुत्र आला. राजपुत्र कशाला मधीच? नात हाय मला विट्यात, क्रांती. बारकी व्हती तवापास्नं मागं लागायची, आबा, गोष्ट सांगा. म्या ही कवाच सांगितली न्हाई. शेवट ठावं नसल्याली गोष्ट पोरीला सांगून काय, माज्यागत तिचीबी झोप घालवू?"

त्या रात्री गंगाधररावांनाही झोप लवकर लागली नाही. उठवावी की न उठवावी?

रविवारी बाळासो इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधी हजर होते. चित्रपट सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांतच सगळं उलटंपालटं झालं. खालची इंग्रजी ओळ उमटायच्या आधी बाळासो हसत होते. ओळ यायची, सभागृह मागनं हसायचं, तोवर ते पुढच्या वाक्यावर गेलेले. गंगाधररावांनी सवयीनं तोंड उघडलं, तर बाळासोंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा. आता म्या सांगतो."

नदीवरची बाई एवढं लांबलचक बोलली आणि खाली तीनच शब्द आले, तेव्हा गंगाधररावांनी विचारलं, "काय म्हणाली हो?"

"शिव्या दिल्या," बाळासो खूश होऊन म्हणाले. "सात पिढ्यांस्नी. खाली न्हाई लिवल्या व्हय?"

राक्षसीण आली तेव्हा मात्र ते नाराज झाले. शिंगं नाहीत, सुळे नाहीत. फाटक्या लुगड्यातली, पायाची नखं वाढलेली एक म्हातारी नुसती. "ही कसली राक्षशीन! ही आमच्या आजीगत दिसती."

गुहा आली. पोरगी आत गेली. डोळे तांबडेलाल, चालताना भिंतीचा आधार घेणारी. तिनं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. बाळासो खुर्चीच्या कडेवर आले. पडद्यावर कितीतरी वेळ काहीच घडेना. मग पोरगीनं हात काढून घेतला, घसरलेलं पांघरूण म्हातारीच्या गळ्यापर्यंत ओढलं, एक शब्द बोलली आणि बाहेर पडली. बाहेर उजाडत होतं.

गंगाधररावांनी खालची ओळ वाचली. "'मी जाते,' म्हणाली."

"न्हाई!" बाळासो मोठ्यानंच बोलले. चार डोकी वळली. "'आशी' म्हनाली ती. बंगालीत 'आशी' म्हंजी 'येते'. आपन घरातनं निगताना जातो म्हनतो का? येतो म्हनतो. त्येंच्यातबी तसंच."

"पण इथं स्पष्ट लिहिलंय..."

"लिवणाऱ्याला काय ठावं!"

दिवे लागले. चर्चेसाठी अंकिता नावाच्या एक प्राध्यापक व्यासपीठावर आल्या. त्या छान बोलल्या. मुलगी 'मी जाते' म्हणते तेव्हा ती सगळे पाश तोडते, मागं वळून बघत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. कुणाला काही म्हणायचंय का, असंही विचारलं.

बाळासोंनी कोपरानं ढोसलं. "सांगा की, सायेब."

"तुम्हीच सांगा."

"माजं कोन ऐकतंय? तुमी शुद्ध बोलता."

गंगाधररावांचा हात खरोखरच वर गेला. कानापर्यंत. तिथं त्यांनी कान खाजवला आणि हात खाली आला. माइक दुसरीकडं गेला. दीडशे माणसं 'जाते' हा शेवट घेऊन घरी गेली. तो हात आणखी वीतभर वर का गेला नाही, याचा विचार गंगाधरराव अजूनही करतात.

फाटकाशी दोघं थांबले. डोळ्याचं काम झालं होतं, बाळासो त्याच दुपारी विट्याला निघणार होते.

"म्हणजे तिनं उठवलं नाही," गंगाधरराव म्हणाले.

"न्हाई उठवलं. झोप तिथंच ठिवली. पन येनार हाय ती. रोज जाऊन बघत आसंल, जागी झाली का म्हनून." बाळासोंनी टोपी सारखी केली. "आजीनं ह्योच शेवट सांगितला आसता का, त्ये न्हाई म्हनता येत. पन शेवट हाय. सांगन्याजोगा हाय."

"नातीला सांगणार?"

"आज रातीच."

"केवढी आहे ती?"

"क्रांती? नववीला हाय."

"अहो, मग आता गोष्टी ऐकायचं वय राहिलं नाही तिचं."

"न्हाई ऐकली तर तिच्या आज्जीला सांगतो. ती कुटं जाती?"

गंगाधरराव हसले. "चहा घेऊ या?"

"नगं, सायेब. गाडी चुकंल."