फटफटीची खोड

आमच्या आत्याबाईनं कुणाच्या नुसत्या शब्दावर कधी काही मानलं असेल तर मला ठाऊक नाही. दुकानदार म्हणाला तूर नवी आहे, की ही पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ वर काढणार. शेजारीण म्हणाली सून उलट बोलते, की हिचा प्रश्न तयार, "काय बोलली ते सांग. कशी बोलली ते नको सांगू." पाहुण्यांनी भाजीची तारीफ केली तरी ती आधी त्यांच्या ताटात किती उरली ते पाहायची. घाटंजीत तिला तोंडावर नर्सबाई म्हणत आणि पाठीमागे दाखवाबाई. हे नाव कानावर आलं तेव्हा ती रागावली नाही. "नाव चांगलं हाय," म्हणाली, "पण म्हणते कोण, ते दाखवा."

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि जंगलाच्या अंगाची सगळी गावं बाळंतपणासाठी तिच्याकडे होती. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची एक लाकडी नळी तिच्या पिशवीत असे. स्वतः ऐकून झालं की ती नळी ती त्या बाईच्या सासूच्या कानाला लावून द्यायची. "ऐका, नातवंड बोलून राह्यलं तुमचं." म्हाताऱ्या आधी घाबरायच्या आणि मग नळी सोडायच्या नाहीत. दवाखान्यातले डॉक्टर तिला म्हणाले, नळी सरकारी आहे, अशी गावभर कानोकान फिरवू नका. आत्याबाई म्हणाली, "सरकारी हाय म्हणूनच त फिरवून राह्यली. माह्या घरची असती त पेटीत ठेवली असती."

छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्या आल्या तिनं घरातला देव्हारा उतरवला, आणि दुसरं म्हणजे 'हो जी' म्हणणं सोडलं. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, गावचा पाटील बोलायला लागला की उभे राहायचे आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत 'हो जी, हो जी' म्हणून मोकळे व्हायचे. आत्याबाई एकदा पाटलासमोरच त्यांना म्हणाली, "बाबा, आधी त्यायचं वाक्य त संपू द्या. नाही म्हणाचं असन त?" आजोबा ते ऐकून पांढरेफटक पडले. पुढे महिनाभर ते तिच्याशी धड बोलले नाहीत, पण त्यानंतर पाटलाचं वाक्य मात्र पूर्ण ऐकायला लागले.

अशा बाईला नवरा मिळाला तो आमचे मामाजी. प्राथमिक शाळेत मास्तर. स्वभावानं इतके मऊ, की मुलगा पोट दुखतं म्हणाला की मास्तरांचंच पोट दुखायला लागायचं. मी नुकतीच मास्तरीण होऊन त्यांच्याच शाळेत लागले होते आणि त्यांच्याच घरी राहत होते, त्यामुळे दोघांचं सगळं माझ्यादेखत चाले. मामाजींचा सगळ्यांवर विश्वास, आत्याबाईचा कुणावर नाही, आणि दोघांचा एकमेकांवर पुरता. त्यांच्याकडे लढाईच्या काळातली एक फटफटी होती. लष्करानं विकायला काढलेल्या मालातली. वरून काळा रंग दिलेला, पण जिथं टवका उडाला तिथं खालचा हिरवा दिसायचा. मामाजी चालवायचे आणि आत्याबाई पांढऱ्या लुगड्यात, मांडीवर पिशवी घेऊन मागे बसायची. ज्या गावांना दिवसातून एक मोटारही जात नव्हती तिथं ती या फटफटीवर पोचायची. फटफटी नसती तर कितीतरी बाया नुसत्या वाट बघत राहिल्या असत्या.

मग त्या फटफटीला खडखड लागली. धूर जास्त येऊ लागला. बाजाराच्या कडेला एका शेठचं दुकान होतं. तो ऑइल इंजिनं विकायचा आणि जुन्या गाड्यांची अदलाबदल करायचा. त्याच्याकडे लाल टाकीची एक फटफटी आली होती आणि मामाजींचा जीव तिच्यावर बसला होता. शाळेतून घरी येताना ते मुद्दाम लांबचा रस्ता घेऊन तिच्याकडे पाहून यायचे. जुनी द्यायची, वर काही घालायचं आणि लाल टाकी घरी आणायची, असं ठरवून आम्ही तिघं एका बाजारच्या दिवशी शेठकडे गेलो.

शेठनं मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीनं फटफटी सुरू केली, पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि मान हलवली. "क्रँक गेला," तो म्हणाला. शेठनं त्याहून मोठी मान हलवली. "मास्तर, ऐकलं न? इंजिनाचा कणाच गेला, आता जोर नाही राह्यला. महिनाभरात जागच्या जागी बसन. मी भंगाराच्या भावात घेतो, तेही तुमच्याकडे पाहून."

मामाजींचा चेहरा उतरला. ते 'बरं' म्हणणार तेवढ्यात आत्याबाईनं पिशवी माझ्या हातात दिली. मिस्त्रीच्या हातातला पेचकस घेतला आणि तिनंही तो इंजिनाला लावून कान दिला. बराच वेळ ऐकलं. "मले नुसता गोंगाट ऐकू येते," ती म्हणाली. "तुले यातला कोणता आवाज क्रँकचा वाटला, तो मले ऐकव."

मिस्त्री गडबडला. शेठ हसून मामाजींना म्हणाला, "बाईमाणसाले काय समजते यातलं."

"समजत नाही म्हणूनच विचारून राह्यली," आत्याबाई म्हणाली. "अन् शेठ, इकडं पाहून बोला. गाडीवर मीही बसते. इंजिन खोला अन् काय गेलं ते दाखवा. मंग भंगाराच्या भावात काय, फुकट घ्या."

"असं प्रत्येकाचं इंजिन खोलत बसलो त झालं! आम्ही सांगतो, लोक मानते. तुमच्या लोकांत एवढी चौकशी कधीपासून सुरू झाली?"

दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मामाजींनी माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे. आत्याबाईचा आवाज चढला नाही की उतरला नाही.

"छप्पनपासून," ती म्हणाली.

आता हे प्रकरण फटफटीचं राहिलं नव्हतं, हे मलाही कळलं. भाव मान्य करून घरी आलो असतो, तर भंगार कुणाला म्हटलं गेलं हे सगळ्या घाटंजीला कळलं असतं. आत्याबाई फटफटी ढकलत दुकानाबाहेर आली. समोरच बैलबाजार भरला होता. त्या बाजारात एक रीत होती. बैलात कुणी खोड काढली की त्यानं ती चारचौघांत दाखवायची. वय जास्त म्हणालास, तर जबडा उघडून दात मोजून दाखव. जोर नाही म्हणालास, तर भरल्या गाडीला जुंपून दाखव. जो नुसतं नाव ठेवून निघून जाई त्याच्याशी त्या दिवशी कुणी सौदा करत नसे. आत्याबाई भर बाजारात उभी राहिली आणि दवाखान्यात बोलायची तितक्याच सरळ आवाजात म्हणाली, "या शेठनं माह्या फटफटीत खोड काढली. जोर नाही म्हणते. दाखवत मात्र नाही. कोणाची भरली गाडी हाय काय?"

कापसाची गाडी घेऊन आलेला एक म्हातारा पुढे आला. "माह्या पोरीले याच बाईनं वाचवलं," तो बाजूच्यांना म्हणाला आणि काही न विचारता बैल सोडायला लागला. बैल बाजूला उभे राहून आपल्या जागी काय जुंपतात ते बघत होते. दोर आला, गाठी बसल्या. माणसं जमली. शेठलाही दुकानाच्या पायरीवर यावं लागलं.

"बसा मास्तर," आत्याबाई म्हणाली.

"अवं, हे बैल हाय काय?" मामाजी कळवळून म्हणाले. पण बसले. किक मारली. फटफटी ओरडली, मागचं चाक धुळीत फिरलं, दोर ताठ झाला आणि कापसाची गाडी हलली. लोकांनी अशी काही आरोळी ठोकली की बाजारातली खरी जनावरंही बिथरली. समोर चढ होता. मामाजी हँडलवर पालथे पडल्यासारखे वाकले होते, त्यांची टोपी केव्हाच पडली होती, आणि गाडी चढ चढत होती. चिंचेच्या झाडापर्यंत जायचं ठरलं होतं. तिथवर गेली. त्या क्षणी मला मामाजींचा जितका अभिमान वाटला तितका पुढे कधी वाटला नाही.

आणि मग जळका वास आला. खालून धूर निघाला. इंजिन छान चालू होतं, पण फटफटी काही केल्या पुढे सरकेना. क्लचच्या पट्ट्या जळून गेल्या होत्या. भरली गाडी ओढायला बैल असतात, फटफटी नसते, हे आम्हां शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शेठला एवढं पुरे होतं. तो पायरीवरूनच ओरडला, "झाली न आता भंगार?"

"झाली," आत्याबाई म्हणाली. "पण तुमच्या सांगण्यानं नाही झाली. आमच्या हातानं झाली."

बाजार हसला, आणि तो कुणाला हसला हे शेठला चांगलं समजलं. म्हाताऱ्यानं बैल पुन्हा जुंपले आणि आता फटफटी गाडीच्या मागे बांधली. मामाजी हँडल धरून बसले. आत्याबाईनं माझ्याकडून पिशवी घेतली, पदर नीट केला आणि रोजच्यासारखी मागे बसली. तशीच ती शेठच्या दुकानासमोरून गेली. मी पायी चालत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. फटफटी अंगणात पडली आणि आत्याबाईला पायी जावं लागलं. पहाटे निघायची, रात्री यायची. पायांना भेगा पडल्या, पण एकही बाळंतपण तिनं चुकवलं नाही. मामाजी पाणी तापवून ठेवायचे आणि तिचे पाय शेकता शेकता लाल टाकीचं नावही काढायचे नाहीत. एका सकाळी शेठचाच मिस्त्री आपणहून आला. क्लच बसवायला इंजिनाचं एक अंग खोलावं लागणारच होतं. आत्याबाईनं त्याला सगळंच खोलायला लावलं. अंगणात गोणपाट टाकून एकेक भाग मांडला गेला. पिस्टनच्या रिंगा घासल्या होत्या, धूर त्यांचा होता. क्रँक शाबूत होता. तिनं गल्लीतल्या बायकांना बोलावून तो हातात धरायला दिला. कुणाला त्यातलं काही कळलं नाही, पण सगळ्यांनी बघितला.

"बाई, ऐकून मले तसं वाटलं होतं," मिस्त्री खाली मान घालून म्हणाला.

"मंग वाटलं म्हणाव बापा. गेला म्हणू नये," आत्याबाई म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. पुढे शेठनं चांगला भाव देऊ केला. तिनं निरोप पाठवला, फटफटी विकायची नाही.

मामाजींनी तीच फटफटी पुढेही चालवली. साठचं दशक सरत आलं तेव्हा आत्याबाईला खोकला लागला आणि हटेना. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी मामाजींना बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं. आतून आत्याबाईची हाक आली. "डॉक्टरसाहेब, रोग माह्या आंगात अन् सांगता त्यायले? फोटो आणा इकडं." डॉक्टर भला माणूस होता. त्यानं फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि काय कुठं आहे ते बोटानं दाखवलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा पुन्हा दाखवलं.

परतीच्या वाटेवर, दोन्हीकडे सागाचं रान असलेल्या जागी, मामाजींनी फटफटी थांबवली. ते उतरून आत्याबाईसमोर उभे राहिले. हे सगळं त्यांनीच मला पुढे सांगितलं, ती गेल्यावर.

"जन्मभर तू सारं खोटं म्हणत आली," ते तिला म्हणाले होते. "दुकानदार खोटा, शेठ खोटा, मिस्त्री खोटा. मी कधी काही म्हटलं काय? आज एकदा म्हण न, हा डॉक्टरही खोटा हाय म्हणून."

ती मागच्या सीटवर पिशवी धरून बसली होती. तिनं त्यांच्या शर्टाची गुंडी लावून दिली.

"त्यानं दाखवलं जी," ती म्हणाली. "दाखवलेल्यालेही खोटं म्हणू, त मंग मी आजवर भांडली कायले?"

 मला वाटलं, आता मामाजी रडतील. पण ते मान वर करून म्हणाले, "साऱ्या संसारात तेवढ्या एका दिवशी मले तिचा राग आला."