ताईचे अर्धे राहिलेले डाव

माझी मोठी बहीण नऊ वर्षांची असताना तापानं तिचे कान गेले. बोलणं टिकलं, कारण ते तोवर पक्कं झालं होतं. समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द ओळखायची, आणि आम्ही घरचे तिच्याशी तोंड तिच्याकडे करून, सावकाश बोलायचो. बाहेरच्यांना हे जमायचं नाही. ते ओरडायचे, मग कंटाळायचे, मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "तिला सांग."

बुद्धिबळ तिला शाळेतल्या एका बाईंनी शिकवलं. दहावीपर्यंत वसमतमधल्या आमच्या गल्लीत तिच्याशी खेळणारं कुणी उरलं नाही. लहान पोरं हरून रडायची, मोठे हरायला लागले की त्यांना एकदम काम आठवायचं. पुढं कित्येक वर्षं ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत राहिली. पट फिरवायची नाही, स्वतः उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसायची.

मी नांदेडला कॉम्प्युटर शिकत होते. दुसऱ्या वर्षी अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला जुना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि मी तो सुट्टीत घरी आणून ठेवला तो ठेवलाच. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचं ते दिवस. जगातल्या कुणाशीही बुद्धिबळ खेळता येतं अशी एक साइट मी ताईला उघडून दाखवली. पाच मिनिटांचे डाव. दोघांची घड्याळं पडद्यावर चालू.

पहिला डाव ती हरली. दुसरा जिंकली. जिंकल्यावर मागं वळून मला म्हणाली, "ह्याला माहीत न्हाई ना मला ऐकू येत न्हाई?"

"कसं माहीत असंल?"

"बरं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा वळली.

पण त्या लाइनवर पाच मिनिटांचा डाव म्हणजे तकलीफच होती. ताई चाल करायची आणि ती पलीकडे पोचेपर्यंत तिचं घड्याळ पळत राहायचं. पटावर ती जिंकत असायची आणि वेळेत हरायची. त्यातून पुढच्या खोलीत अप्पांचं हळदीचं आडत दुकान. तिथंही याच लाइनवरचा फोन. अप्पांनी तो उचलला की डाव खलास. अप्पांचीही अडचण होतीच. "बाहेरून फोनच लागत न्हाई म्हणून राहिले लोकं," ते कुरकुरायचे, आणि मग ताईचं तोंड पाहून स्वतःच म्हणायचे, "खेळू दे, खेळू दे. दुपारी तसंही कोण येतंय."

काही वर्षांनी वसमतला ब्रॉडबँड आलं. मी तोवर नांदेडलाच नोकरीला लागले होते. फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालणार, वेग कितीतरी पट, हे मी अप्पांना पटवलं आणि अर्ज करायला लावला. ताईला मी छातीठोकपणे सांगितलं, "आता तू हरणार न्हाईस बघ."

हे मी म्हणायला नको होतं.

सुरुवातीला खरंच फरक पडला. पान पटकन उघडायचं, चाल केली की लगेच उत्तर. आठवडाभर ताई हसऱ्या तोंडानं हिंडत होती. मग हळदीचा हंगाम सुरू झाला. एका रविवारी मी घरी आले तर कॉम्प्युटरवर कापड झाकलेलं आणि ताई गच्चीवर लसूण सोलत बसलेली.

"काहून खेळत न्हाईस?"

तिनं खाली येऊन कापड काढलं, कॉम्प्युटर चालू केला आणि मला एक निरोप उघडून दाखवला. ताईचा एक नेहमीचा जोडीदार होता. कुठला, कोण, काही माहीत नाही, पण तिच्या तोडीचा. इंग्रजी अक्षरांत त्यानं हिंदी लिहिलं होतं. हारने लगे तो भाग जाते हो. चार बार हो गया. अब नहीं खेलूँगा.

"मधीच तुटतं," ताई म्हणाली. "कवा मी जिंकून राहिलेली असते, कवा हरून. त्याला वाटतं मी रडीचा डाव खेळते." मग म्हणाली, "लहानपणी मला कुणी रडी म्हटलं न्हाई गं."

मला लाज वाटली. नोकरी कॉम्प्युटरची आणि घरातलं नीट करता येईना. मी टेलिफोन ऑफिसात तक्रार केली तर तिथून सांगितलं, वेग कमी पडत असेल, वरचा प्लॅन घ्या. आम्ही घेतला. सिनेमाची गाणी आता झरझर उतरायची. डाव तसेच तुटत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. बुद्धिबळाची एक चाल म्हणजे चार अक्षरांचा निरोप. त्याला रुंद रस्ता कशाला लागतोय? पायवाटही चालेल, फक्त ती मध्येच नाहीशी व्हायला नको. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं.

पुढच्या सुट्टीत मी दुकानात अप्पांपाशी बसले होते. ताईला आग्रह करून खेळायला बसवलं होतं. फोन वाजला. अप्पा 'हॅलो' म्हणाले तेवढ्यात आतून टेबलावर तळहात आपटल्याचा आवाज आला. ताई चिडली की असंच करते. थोड्या वेळानं पुन्हा घंटी, पुन्हा तळहात. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी उठलेच.

अप्पांचा मोबाइल घेतला आणि आत मोडेमसमोर उभी राहून घरचाच नंबर लावला. पुढं घंटी वाजली आणि मोडेमवरचा हिरवा दिवा विझला. कट केला, थोड्या वेळानं दिवा परत लागला. पुन्हा लावला. पुन्हा विझला.

ताई माझ्याकडे बघत होती. तिला हे कळण्याचा मार्गच नव्हता. तिला दिवा दिसत होता, घंटी ऐकू येत नव्हती. अप्पांना घंटी ऐकू येत होती, दिवा दिसत नव्हता. मधे एक दार. मी तिचा हात धरून दुकानात नेलं, तळहात जुन्या फोनवर ठेवला आणि पुन्हा नंबर लावला. घंटी हाताला लागली तशी ती दचकली. तिनं आत वाकून दिव्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"हे?" ती म्हणाली.

"व्हय. हेच."

अप्पा गादीवरून उठले होते. "म्हंजे एवढे दिवस मीच हिचा डाव मोडून राहिलो व्हय?" ते म्हणाले आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी फोनची तार खसकन उपटली. भर हंगामात. "मोबाइल हाय की माझा. लागंल ज्याला लावायचा त्याला."

दोन दिवसांनी लाइनमन आले. त्यांनी भिंतीवरची तार हातानं पुढून मागं तपासली आणि मान हलवली. दुकानातल्या फोनची जोड मोडेमच्या आधीच, सरळ मूळ तारेवरून घेतली होती. "ह्याला आधी डबी पाहिजे, म्याडम. फोनचा आवाज येगळा, इंटरनेट येगळं करती ती. तुमी वेग कितीबी घ्या, घंटी वाजली की हे बसणारच." त्यांनी पिशवीतून एक छोटी पांढरी डबी काढली, तार तिच्यातून घेतली, जोड कसली. चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल सगळ्याला.

त्या संध्याकाळी ताईनं त्या जोडीदाराला लिहायला मला बसवलं. काय लिहायचं ते तिनंच सांगितलं. मला ऐकू येत नाही, घरात फोन वाजला की लाइन जायची, मला कळायचं नाही, आता दुरुस्त केलं आहे, मी पळाले नव्हते. ऐकू येत नाही हे तिनं त्या साइटवर कुणाला सांगण्याची ती पहिली वेळ. मी विचारलं, हे लिहायचंच का? "लिही," ती म्हणाली. "न्हाई तर त्याला खोटं वाटंल."

बरेच दिवस उत्तर आलं नाही. ताई इतरांशी खेळत राहिली. मग एका रविवारी दुपारी मी जेवत होते, ती धावत आली. त्यानं डाव मागितला होता. निरोपाबद्दल एक अक्षर नाही, नुसता डाव.

मी ताट घेऊनच तिच्यामागं जाऊन बसले. दुकानात फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी दिव्याकडे पाहिलं. दिवा हलला नाही. डाव मात्र ताईच्या हातून निसटत गेला. आधी उंट गेला, मग शेवटच्या मिनिटात एक हत्ती, आणि तिच्या राजाला पळायला जागा उरली नाही. मात.

ती उठून सरळ दुकानात गेली. "अप्पा, त्यानं मला हरवलं."

अप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "मग हसून काहून राहिलीस?"

"पूर्ण खेळला ना तो," ताई म्हणाली, आणि लाकडी पट काढून उंट कुठं चुकला ते बघायला बसली.