क्रेजीनच्या वळणावरचा पांढरा खांब

ऑरी क्रेजीनच्या वळणावर येणारा प्रत्येक स्वार एकाच गोष्टीवर भरवसा ठेवायचा: ऑरीच्या फाटकाच्या पांढऱ्या खांबावर. खांब गाठला की ब्रेक. दर मे महिन्यात, मॅन बेटावर शर्यतीच्या मोटारसायकली उतरण्याआधी, ऑरी त्या खांबाला चुना फासायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बापानं सुरू केलं आणि बाप गेल्यावर ते ऑरीच्या गळ्यात पडलं.

बापाच्या काळी हा रस्ता मातीचा होता. वर डोंगरात मेंढ्यांसाठी फाटकं असायची, ती पहिल्या स्वारानं उतरून उघडायची. मग डांबर आलं, कुंपणं मागं हटली, एकेक वळण सरळ होत गेलं. लोक म्हणायचे, रस्ता सुधारला. ऑरी म्हणायचा, "सुधारला कसला, सोकावलाय." पूर्वी पडलेला माणूस लंगडत का होईना घरी जायचा. आता दफनाला टोपी काढून उभं राहायची वेळ येते.

या हिवाळ्यात रस्तेवाल्यांनी ऑरीच्याच वळणाला हात घातला. भिंत पाडली, खांब उचकटला. "माझ्या बापाचे दगड आहेत, तेच लावा," म्हणून ऑरी हटून बसला. त्यांनी तेच दगड लावले, तोच खांब रोवला, पण वळणाच्या पार जवळ. ऑरी खूश. मे महिन्यात त्यानं नेहमीसारखा चुना फासला. खांब तोच, चुना तोच. जागा बदलली म्हणजे काय झालं, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

आलं ते सरावाच्या संध्याकाळी, रस्ता इतर गाड्यांना बंद झाल्यावर. पहिला स्वार थेट खांबापर्यंत सुसाट आला, तिथं ब्रेक दाबला, मागचं चाक वळवळलं आणि समोरच्या भिंतीला घासता घासता वाचला. मागून ऑरीचा नातू येत होता. फिनलो दुपारच्याच बोटीनं पलीकडून, इंग्लंडातून आला होता. नवं वळण त्यानं पाहिलंच नव्हतं.

ऑरीनं अंगातला काळा कोट काढून खांबावर टाकला आणि वर स्वतः ओणवा झाला. फिनलोला खूण दिसेना. तो घाबरला, फार आधीच वेग तोडला आणि मुकाट वळून गेला.

रस्ता उघडल्यावर तो आजोळी जेवायला आला तो फणफणतच. हेरिंग मासे आणि बटाटे ताटात निवत होते.

"आजोबा, माझा खांब कुठल्या गाढवानं झाकला?"

"या गाढवानं," ऑरी म्हणाला. "उद्या डांबर फासतोय त्याला."

"मग ब्रेक कुठं मारू? तुमच्या टकलाकडं बघून?"

फिनलोची आई ब्रीशा हसली नाही. "बाबा, शर्यतीला नको म्हणा ना त्याला. तुमचं ऐकेल तो."

"तू ऐकलंस कधी माझं?"

"भांडू नका," फिनलो म्हणाला. "मला फक्त खांबाची जुनी जागा दाखवा."

दोघं रस्त्यावर आले. अजून चांगला उजेड होता. ऑरी नव्या काळ्या डांबरावर उभा राहिला. सारा जन्म ज्या जागी वाकून चुना फासला, ती जागा आता त्याला दिसेना. खांबाशेजारचा चर बुजला होता, तिथलं काटेरी झाड गेलं होतं.

"इथंच कुठंतरी."

"कुठंतरी चालत नाही, आजोबा. कुठंतरी म्हणजे भिंत."

ऑरी पुढं गेला, मागं आला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. शेवटी धाप लागली म्हणून त्यानं काठी टेकली.

"इथं?" फिनलोनं लगेच मान वर करून पलीकडचं झुडूप हेरलं. "त्या झुडपाच्या रेषेत. बस्स, पाठ झालं." आणि शीळ घालत तो जेवायला गेला.

ऑरी नुसता दम खायला थांबला होता. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण मग दुसरी जागा कुठली दाखवणार?

दारातून ब्रीशानं विचारलं, "सापडली का जागा, बाबा?"

"सापडली," ऑरी म्हणाला. काठी मात्र त्यानं तिथून हलवली नाही.