जोडलेला चेहरा

अकरावीला मी दिग्रसच्या शाळेत मीडिया आणि डिझाइन हा विषय घेतला. बारावी होताच हाताला काम मिळेल, असं आमच्या मॅडम सांगायच्या. त्या दुपारी लॅबमध्ये आम्ही लग्नपत्रिका तयार करत होतो. दार लाथेनं उघडलं आणि माझा मोठा भाऊ आत आला. हातात लोखंडी सळाख.

"कोन हाय थो?"

माझ्या शेजारी बसणारा पोरगा बंजाऱ्यांच्या तांड्यावरून सायकलनं यायचा. माझ्याशी बोलायचा तेही कामापुरतंच. भावानं त्याचीच कॉलर धरली. पहिला घाव मॉनिटरवर बसला, काचा कीबोर्डवर सांडल्या. दुसरा पोराच्या कानामागं. तो खुर्चीसकट कोसळला. भाऊ त्याच्या पोटात लाथा घालत राहिला.

"भाऊ, काहून मारून राह्यला त्याले?"

"तुले माहीत नाही?" त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. मोटारसायकलवर तो पोरगा आणि मागं त्याला मिठी मारून मी. गावातल्या प्रत्येक ग्रुपवर तो फोटो फिरत होता.

"खोटा हाय हा! जोडलेला हाय!" म्हणत मी पोराच्या अंगावर आडवी झाले. सळाख माझ्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर.

मॅडमनी मागून भावाचा दंड पकडला. त्यानं झटका दिला, टेबलाच्या कडेवर त्यांचं कपाळ फुटलं. तरी त्या उठल्या आणि त्याच्या हातातल्या फोनवर फोटो मोठा केला. "मानेचा रंग बघा, चेहऱ्याचा बघा. अन् हे झुमके हिनं कुठं घातले होते?"

भावाच्याच लग्नात. लग्नातला माझा फोटो त्यानंच स्टेटसला ठेवला होता. माझा चेहरा तिथूनच कोणीतरी कापला होता.

त्यानं नीट पाहिलं. मला वाटलं, आता थांबेल.

"मंग? लोकाइनं त पाह्यला ना!" असं ओरडून त्यानं पुढचा संगणक उचलून फरशीवर आपटला. पोलीस येईपर्यंत तो फोडतच होता.

पोराचा डावा कान कायमचा गेला. बापानं त्याची शाळा सोडवली. दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि प्रकरण मिटवून मोकळी झाली. फोटो कोणी केला ते कळलंच नाही. चेहरा कापून जोडणं मॅडमनी आम्हा सगळ्यांनाच शिकवलं होतं. कोणाकडे बघून ओळखणार?

प्लास्टर घातलेल्या हातानं मी दप्तर उचललं, तेव्हा आई म्हणाली, "कायले जातं वं आता?"

भाऊ दारात उभा होता. "गेली त पाय तोडीन."

"तोड," मी म्हणाले.

तो हलला नाही. त्याच्या बाजूनं अंग चोरून मी बाहेर पडले आणि एसटी पकडली. मॅडमच्या कपाळावर अजून पट्टी होती. लॅबमधल्या शाबूत राहिलेल्या संगणकापुढं बसून मी डाव्या हातात माउस धरला. रेघ वाकडी आली. पुसली, पुन्हा ओढली.