हलका पॉवर सप्लाय

मुलीने कॉम्प्युटर जोडायला पॉवर सप्लाय आणला. हातात घेताच मी नकळत तो तोलून पाहिला. हलका लागला.

माझे वडील, आप्पा, कतारगामात कापड विणायच्या लूमच्या मोटारी दुरुस्त करायचे. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरच्या वेळी त्यांनी दुकानात दोन पॉवर सप्लाय तळहातांवर तोलले. म्हणाले, "हाऊ हलका शे रे. यामा तांबं कमी शे."

मी लेबलवरचे वॅट दाखवून हसलो आणि हलकाच घेतला.

घरी बटण दाबलं. पंखा फिरला, अन् जळका वास सुटला. तेवढ्यात घरातली सगळी वीज गेली.

आप्पा आधीपासूनच मेन स्विचवर हात ठेवून उभे होते.

तेव्हा मी चिडलो होतो. एवढी खात्री होती, तर दुकानातच का नाही अडवलं?

आज मुलीला म्हटलं, "दाब बटण," आणि मेन स्विचपाशी जाऊन उभा राहिलो.